आपली फी कुठून आली?
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील संधी’ असा विषय दिला होता. त्यांची माफी मागून तो बाजूला ठेवते. आयटीतलं तुमच्या मुलांना तुमच्याआमच्यापेक्षा जास्त कळतं. मला बोलायचंय ते फौंड्रीबद्दल.

आठवून बघा, शाळेच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ असा एक रकाना असायचा. आपल्या वर्गात तिथं काय काय लिहिलेलं असायचं? मोल्डर, टर्नर, फिटर, ग्राइंडर. कुणाचे वडील टेम्पोवर, कुणाचा उद्यमनगरात चहाचा गाडा. माझे वडील पॅटर्नमेकर. बाईंनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी ‘सुतार’ सांगितलं होतं, कारण घरी लाकडाचा भुसा यायचा! आपली फी, गणवेश, सहलीचे पैसे, हे सगळं बिडातून आलेलं आहे. बीड म्हणजे ओतीव लोखंड, हे आपल्या मुलांना आता सांगावं लागतं.

कोल्हापुरात ना लोखंडाची खाण, ना कोळसा. बंदरही लांब. मग हा धंदा इथं कसा रुजला? माझ्या मते तो उसानं आणला. राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण हाती घेतलं, नदीकाठाला ऊस वाढला, गुऱ्हाळं वाढली. उसाला चरक लागतो आणि पाणी उपसायला इंजिन लागतं. इंजिनं परदेशातून यायची आणि बिघडली की सुटा भाग मिळायचा नाही. तो इथल्या मेस्त्रींनी बनवायला घेतला. आधी दुरुस्ती, मग सुटे भाग, मग अख्खं ऑइल इंजिन. कारखानदार आणि गिऱ्हाईक एकाच तालुक्यातले. इंजिन नीट चाललं नाही तर शेतकरी बैलगाडीत घालून परत आणून टाकणार, ही धास्ती कुठल्याही क्वालिटी सर्टिफिकेटपेक्षा मोठी.

शेजारी किर्लोस्करवाडी 1910 साली औंध संस्थानात उभी राहिली होती, लोखंडी नांगराच्या जोरावर. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा नांगरासाठी वितळवायला दिल्या, असं सांगतात.

आता माझा मुख्य मुद्दा. एखाद्या भागात एक मोठा कारखाना येतो, पाच हजार माणसं कामाला लागतात, आणि तो बंद पडला की गाव बसतं. अशी गावं आपण सगळ्यांनी पाहिलीत. इथं तसं घडलं नाही, कारण एकच जॉब दहा दारांतून फिरतो. पॅटर्न एकीकडे, कोअर दुसरीकडे, ओतकाम शिरोलीत, मशिनिंग गोकुळ शिरगावात, मधे टेम्पो. प्रत्येक दारात थोडा पैसा थांबतो. शिवाय चांगला टर्नर दहा-बारा वर्षांनी बाहेर पडून स्वतःची एक जुनी लेथ टाकू शकतो. बऱ्याचदा पहिलं काम जुना मालकच देतो. आज कोल्हापूर परिसरात तीनशेच्या आसपास फौंड्र्या आहेत, त्यातल्या कितीतरी अशाच फुटव्यांतून उगवल्या.

ही साखळी कशावर उभी असते ते मी घरी पाहिलं. वडिलांकडे दोन फूटपट्ट्या होत्या. एक आपल्यासारखी. दुसरीवरचा प्रत्येक सेंटिमीटर किंचित मोठा. बीड थंड होताना आकसतं, शंभर मिलिमीटरला साधारण एक मिलिमीटर. म्हणून सागवानी पॅटर्न तेवढा मोठा करायचा. एकदा मी चुलतभावाच्या वहीतली भूमितीची आकृती त्या पट्टीनं मोजून दिली आणि त्याच्या उत्तरावर फुली बसली, तो किस्सा घरात अजून निघतो. पण पट्टी हा सोपा भाग. कुठं जाडी जास्त आहे, तिथं धातू शेवटी थंड होणार, मग आत पोकळी राहणार, म्हणून वर रायझर कुठं ठेवायचा, हे वडील जॉब हातात फिरवून सांगायचे. आज हेच काम सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर करतं, आणि चांगलं करतं. अशा सॉफ्टवेअरवर मी काही वर्षं काम केलंय. त्यात वाळूची, ओतण्याच्या तापमानाची माहिती भरावी लागते. खरी माहिती मिळते ती भट्टीजवळ उभ्या माणसाकडूनच.

हा धंदा एकदा मरता मरता वाचलाय. शेतात वीज आली, विजेचे पंप आले, ऑइल इंजिनाची मागणी ओसरली. तेव्हा इथल्या लोकांनी तीच भट्टी आणि तेच हात मोटारी-ट्रॅक्टरच्या भागांकडे वळवले. कोकच्या कुपोलाजागी बऱ्याच ठिकाणी विजेच्या इंडक्शन भट्ट्या आल्या. आता तसंच वळण पुन्हा समोर आहे. विजेच्या गाडीला सिलिंडर ब्लॉक नाही, हेड नाही, फ्लायव्हील नाही. ब्रेक ड्रम, हब राहतील. ट्रॅक्टर, पंप, व्हॉल्व्ह राहतील. पण जे जाईल ते थोडं नाही. ॲल्युमिनियमकडे वळा म्हणणं सोपं. बिडाच्या छोट्या फौंड्रीला डाय-कास्टिंगचं मशीन घ्यायचं तर घर गहाण टाकावं लागेल. त्यात विजेचा दर. भट्टीवाल्याचं निम्मं लक्ष मीटरवर असतं, आणि सीमेपलीकडं कर्नाटकात जाण्याची भाषा आपण मधूनमधून ऐकतोच.

मला मात्र जास्त काळजी माणसांची वाटते. गेल्या दिवाळीत दोन फौंड्र्या पाहिल्या. मोल्डिंगवर बहुतेक पोरं बिहार-ओडिशाची. कष्टाळू, हुशार. पण त्यांचं घर इथं नाही, त्यामुळे पुढं स्वतःची लेथ टाकतील ती इथंच, असं नाही. आपली मुलं तिकडं फिरकत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही. धूळ, उष्णता, कमी पगार. आपल्याच आईवडिलांनी ‘तू तिकडं जाऊ नको’ म्हणून आपल्याला शिकवलं. माझ्या वडिलांचा खोकला मी ऐकलाय. फौंड्री टिकवायची म्हणजे ती आधी श्वास घेण्याजोगी करायला हवी: धूळ ओढणारी यंत्रणा, आणि वापरून काळी पडलेली वाळू ओढ्याकाठी न टाकता पुन्हा वापरात आणणं. याला खर्च येतो. गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या किलोमागे पैसे घासतात तोवर छोटा मालक तो कुठून करणार, हे मलाही कोडं आहे. म्हणून कुणी नुसतं ‘आधुनिक व्हा’ म्हणालं की मला राग येतो.

आपल्या बॅचमध्ये सहा जण आज फौंड्री किंवा मशीनशॉप चालवतात, आणि बाहेर गेलेल्यांत सॉफ्टवेअरवाले, बँकवाले, एक वकीलही आहे. सरांची परवानगी आहे. पुढच्या शैक्षणिक वर्षापासून नववीच्या मुलामुलींना वर्षातून दोनदा फौंड्री दाखवायची, पॅटर्नपासून मशिनिंगपर्यंत, एकच जॉब धरून. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही तिघं जण छोट्या मालकांना ऑनलाइन भेटू: रिजेक्शनची नोंद, विजेचा हिशेब, कर्जाचे कागद, जे लागेल ते. फुकट. नावं लिहायची वही चहाच्या टेबलापाशी ठेवली आहे. कोणत्या शनिवारी फौंड्रीत भट्टी चालू असते ते मालकांनी तिथंच लिहावं, म्हणजे सहलीची तारीख सरांना आजच देता येईल.