‘तुमच्यासाठीच सोसलं’

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



मघाशी गटचर्चेत एक ताई म्हणाल्या, “बाई आली की तिची केस आपण घेतो. पण तिच्या पोरांचं काय करायचं, ते आपल्याला कुणी शिकवलंच नाही.” मी तिथूनच सुरुवात करते.

बाई केंद्रात येते तेव्हा बहुतेक वेळा सोबत एखादं मूल असतं. आपण त्याला बिस्किटाचा पुडा देतो, बाहेरच्या बाकावर बसवतो आणि आत बाईचा अर्ज लिहायला घेतो. बाहेर त्याला सगळं ऐकू जात असतं. “मुलांना काही माहीत नाही, ती झोपलेली असतात,” असं आई सांगते. ती झोपलेली नसतात, मैत्रिणींनो. मीही नसायचे.

माझे वडील आईला मारत. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत हे मी वर्गात कधी बोलले नाही. केस स्टडी लिहिल्या त्या दुसऱ्यांच्या. घरात मी थोरली. संध्याकाळी दाराची कडी कशी वाजली, त्यावरून रात्र कशी जाणार ते मला कळायचं. धाकट्या भावाला मागच्या खोलीत नेऊन मोठ्यानं पाढे म्हणायला लावायचं, हे माझं काम. तो आजही एकोणतिसाचा पाढा घडाघडा म्हणतो. लोक कौतुक करतात.

पण माराबद्दल आपण पुष्कळ बोललो आहोत. बायका बोलल्या, रस्त्यावर आल्या, म्हणून १९८३ साली ४९८-अ आलं (२०२४ पासून ते न्याय संहितेच्या ८५व्या कलमात गेलं) आणि २००५ साली कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा झाला. मला बोलायचंय ते मार थांबल्यानंतरचं.

वडील २०११ साली वारले. मार त्याआधीच थांबला होता. आईचं दुःख मात्र थांबलं नाही, ते आमच्याकडे आलं. “तुमच्यासाठीच सोसलं, नाहीतर कधीच विहीर जवळ केली असती.” हे वाक्य आम्ही जेवताना ऐकलं, परीक्षेच्या दिवशी ऐकलं, माझं लग्न ठरत असताना ऐकलं. जिनं एवढं सोसलं तिच्याशी भांडायचं कसं? मला दुसऱ्या गावी नोकरी लागली तेव्हा आई नुसती गप्प बसली. मी गेले नाही. भावाचं वेगळं. घरात जरा आवाज चढला की तो चपला घालून बाहेर पडतो. मारत नाही, पण बोलतही नाही. वहिनी म्हणते, “भांडायला तरी घरात थांबा!”

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसतं, की ज्यांच्या आईला वडील मारत होते, त्या बायकांनाही नवऱ्याकडून हिंसा सोसावी लागण्याचं प्रमाण इतर बायकांपेक्षा बरंच जास्त असतं. हे काही कपाळावर लिहिलेलं नाही. पण केंद्रात बाईच्या मागोमाग काही वर्षांनी तिची मुलगी आलेली आपण पाहिली आहे.

आईला दोष द्यायला मी उभी नाही. ते काम समाज रोज करतो. माहेरी गेली तर “पोरांकडे बघ”, पोलीस ठाण्यात “पोरांकडे बघ”, आणि खरं सांगायचं तर समेटाच्या बैठकीत आपल्यातल्याही काही जणी तेच म्हणतात. मी म्हटलेलं आहे. मग स्वतःच्या जिवासाठी बोलायची सोय तिला राहतच नाही. तिच्या दुःखाला किंमत येते ती पोरांच्या नावानं, आणि उसनवारी फिटत नाही ती पोरांची.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघी गहू निवडत बसलो होतो. मी विचारलं, “आई, आम्ही नसतो तर तू गेली असतीस?” ती बराच वेळ सूप घेऊन बसून राहिली. मग म्हणाली, “नसते गेले गं. जाणार कुठं? घर नाही, पैसा नाही. मला भीती वाटायची.” तिला मार पडत होता तेव्हा घरात राहण्याचा आदेश मागता येईल असा कायदाच नव्हता. म्हणजे ती आमच्यासाठी थांबली नव्हती. तिला वाट नव्हती म्हणून थांबली होती. हे ऐकून मला राग यायला हवा होता, पण मला मोकळं वाटलं. आणि आई पहिल्यांदा एक घाबरलेली तरुण बाई म्हणून दिसली.

आता केंद्रात आम्ही मुलाला बाहेर बसवून ठेवत नाही. एक जण त्याच्याशी वेगळी बोलते. भांडणं तुझ्यामुळे होत नाहीत, आईची राखण करणं तुझं काम नाही, हे त्याला त्याच्या शब्दांत सांगते. त्याला साक्षीदार करत नाही, आई-बापांमधला निरोप्या करत नाही. आणि बाईला म्हणतो, तुझं सगळं इथं बोल. रड, शिव्या घाल, बैठकीला ये. दहा वर्षांच्या लेकीला मैत्रीण करू नकोस. वेळ लागतो. काही जणी रागावून परत येत नाहीत.

त्या दिवशी गहू निवडून झाल्यावर आई उठताना म्हणाली, “मला ऐकू यायचे तुमचे पाढे.” एवढंच. भावाला हे मी अजून सांगितलेलं नाही. दिवाळीला तो येईल, तेव्हा आईनंच सांगावं असं आमचं ठरलंय.