हिमालयातील बर्फ आणि गोवंडीचा नळ

(गोवंडी येथे कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गोवंडीत बसून हिमालयातील हिमनद्यांविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न सभागृहातील अनेकांच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. गोवंडीच्या नळाला येणाऱ्या पाण्यात हिमालयातील बर्फाचा एक थेंबही नसतो. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते, कृष्णा महाबळेश्वरला; मुंबईची तहान भागविणाऱ्या वैतरणा, तानसा आणि भातसा याही सह्याद्रीच्याच कन्या. या सर्व नद्या पावसावर जगतात. तरीही हा विषय येथे मांडावयाचा, तो दोन कारणांसाठी. एक म्हणजे, गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांत जरीकाम, शिवणकाम, भंगारव्यवसाय करणाऱ्या कितीतरी कुटुंबांचे मूळ गाव गंगेच्या मैदानात आहे. दुसरे म्हणजे, पाणी साठवावयाचे आणि पुरवून वापरावयाचे हा जो व्यवहार हिमालय युगानुयुगे करीत आला, तोच मुंबई गेली दीडशेहून अधिक वर्षे सिमेंट-दगडाच्या भिंती बांधून करीत आहे. हिमालयाचे गणित बिघडते कसे, हे समजले की मुंबईचेही समजते.

हिमनदी म्हणजे काय? उंच पर्वतावर हिवाळ्यात पडलेला बर्फ उन्हाळ्यात पुरता वितळत नाही. उरलेल्यावर पुढील वर्षीचा थर बसतो, खालचा थर दाबाने घट्ट होतो आणि शतकानुशतकांच्या थरांचा तो अवाढव्य साठा स्वतःच्याच भाराने उताराकडे अगदी संथ सरकू लागतो. गृहस्थाश्रमी माणसाला यासाठी मुदत ठेवीचा दाखला पुरेसा आहे. हिवाळ्यातील हिमवृष्टी ही जमा, उन्हाळ्यात वितळून खाली येणारे पाणी हे व्याज, आणि मूळ ठेव शाबूत. तापमान वाढले की व्याजाबरोबर मुद्दलही हाती पडू लागते. गंमत अशी की, ठेव मोडून खाणाऱ्या घरात आरंभी सुबत्ता दिसते. नद्यांचेही तसेच होते. हिमनद्या झिजत असताना काही दशके उन्हाळ्यातील प्रवाह वाढतो, कोठे काही बिघडले आहे असे वाटतच नाही. या शतकाच्या मध्यापर्यंत हिमालयातील वितळपाणी शिगेला पोहोचेल आणि नंतर ओसरत जाईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

गंगोत्री हिमनदीचेच पाहा. सुमारे ३० किलोमीटर लांबीचा हा हिमप्रवाह. त्याच्या मुखाला आपण गोमुख म्हणतो आणि तेथून भागीरथी बाहेर पडते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जॉन ऑडेन यांनी १९३५ साली या मुखाची शास्त्रीय मोजणी केली. (इंग्रजी कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांचे हे बंधू.) तेव्हापासून गोमुख दरवर्षी सरासरी २० मीटरच्या आसपास मागे सरकत आले आहे. आजोबांनी ज्या ठिकाणी गोमुखाचे दर्शन घेतले, तेथे नातू गेला तर त्याला दगडगोटे दिसतील आणि दर्शनासाठी आणखी पुढे चालावे लागेल. २००८ पासून गोमुखाकडे जाणाऱ्यांची संख्या दिवसाला १५० वर मर्यादित करण्यात आली. २०१२ मध्ये गोमुख ते उत्तरकाशी हा सुमारे १०० किलोमीटरचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. त्यामागे ज्यांच्या उपोषणांचे बळ होते, ते कानपूरच्या आयआयटीतील माजी प्राध्यापक डॉ. जी. डी. अग्रवाल, म्हणजेच स्वामी सानंद, यांनी गंगेसाठीच उपोषण करीत ११ ऑक्टोबर २०१८ रोजी ऋषिकेश येथे देह ठेवला. गंगेचा जयघोष करणाऱ्या समाजात या मृत्यूची जेवढी चर्चा व्हावयास हवी होती, तेवढी झाली नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

येथे एका गोष्टीबाबत सावध राहिले पाहिजे. कार्यकर्त्याने व्यासपीठावरून बोलताना अतिशयोक्ती करू नये. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीने २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील असे एक विधान केले होते. त्याला पुरेसा आधार नव्हता आणि जानेवारी २०१० मध्ये समितीला ते मागे घ्यावे लागले. या एका चुकीने खऱ्या संकटाविषयी बोलणाऱ्यांचीही विश्वासार्हता काही वर्षे कमी झाली. गंगा उद्या आटणार, हेही खरे नाही. मैदानातील गंगेच्या प्रवाहात बर्फाच्या पाण्याचा वाटा वर्षभराचा हिशेब धरता दहाव्या हिश्श्याच्या आसपास आहे; बाकी देणे मान्सूनचे आणि भूजलाचे. सिंधूची गोष्ट निराळी. ती फार मोठ्या प्रमाणावर बर्फावरच पोसली जाते. मग चिंता कशाची? उन्हाळ्याची. मार्च ते जून या पाऊस नसलेल्या काळात वरच्या खोऱ्यांत बर्फाच्या पाण्याचा आधार असतो. तोच आधार ढळू लागला आहे. काठमांडूस्थित आंतरराष्ट्रीय पर्वतीय संस्थेच्या, म्हणजेच ‘इसिमोड’च्या, २०२३ मधील अहवालानुसार २०११ ते २०२० या दशकात हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्या आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने झिजल्या. तापमानवाढ आवरली नाही, तर शतकाअखेर आजच्या बर्फापैकी ८० टक्क्यांपर्यंत बर्फ जाऊ शकतो. पर्वतात राहणारे २४ कोटी आणि खालच्या खोऱ्यांतील १६५ कोटी लोक या पाण्याशी जोडलेले आहेत.

आकड्यांपेक्षा लडाखच्या शेतकऱ्याकडे पाहिले की गोष्ट अधिक स्पष्ट होते. लेहमध्ये वर्षभरात जेमतेम १०० मिलीमीटर पाऊस पडतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला होता; म्हणजे लेहचा नऊ वर्षांचा पाऊस मुंबईने चोवीस तासांत पाहिला. अशा थंड वाळवंटात गावे वसली ती हिमनदीच्या ओढ्यावर. डोंगरावरून काढलेले पाट, पाण्याच्या पाळ्या, त्या ठरविणारा गावचा माणूस, ही सारी व्यवस्था पिढ्यानपिढ्यांची. तेथे पीक वर्षाकाठी एकच, बहुधा सातूचे. त्याची पेरणी एप्रिल-मेमध्ये झाली नाही, तर थंडीपूर्वी दाणा भरत नाही. हिमनदी मागे सरकत सरकत अधिक उंचावर गेली की तिचे पाणी जूनमध्ये येते. वर्षभराचे पाणी कदाचित तेवढेच असेल. पण पेरणी टळून गेल्यावर आलेल्या पाण्याचे शेतकऱ्याने काय करावे?

झंस्कार खोऱ्यातील कुमिक हे त्या भागातील अतिप्राचीन गावांपैकी एक. त्याच्या ओढ्याला पाणी पुरविणारा डोंगरावरील बर्फ आक्रसत गेला, पाणी लवकर आटू लागले. या शतकाच्या आरंभी गावकऱ्यांनी एकत्र बसून निर्णय घेतला, की गाव सोडावयाचे आणि खाली नदीजवळच्या माळावर नवे गाव वसवावयाचे. कोणी शत्रू चालून आला नव्हता, दंगल झाली नव्हती, धरणाखाली जमीन गेली नव्हती. त्यामुळे पुनर्वसनाचा कोणताही ठरलेला नियम त्यांच्या उपयोगी नव्हता. नवी घरे, नवा पाट, नवी शेते हे सारे लोकांनी हाताने उभे करावयास घेतले.

याच भूमीत उपायही जन्मले. चेवांग नॉर्फेल हे लडाखमधील सरकारी सेवेतले स्थापत्य अभियंते. हिवाळ्यात ओढ्याचे पाणी वायाच जाते, हे त्यांच्या ध्यानात आले. ते पाणी त्यांनी गावाजवळच्या सावलीच्या उतारावर दगडी बांध घालून पसरविले. थंडीत ते तेथेच गोठले आणि उंची कमी असल्याने नेमके एप्रिल-मेमध्ये वितळून पेरणीला मिळाले. ना यंत्र, ना वीज. २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या सुमारास नळाने पाणी उंच उडवून शंकूच्या आकाराचे बर्फाचे स्तूप उभे करण्याचा प्रयोग केला. या उपायांनी हिमनद्या परत येणार नाहीत, परंतु पेरणी सावरते. दुसरीकडे लेहमध्ये पर्यटकांसाठी हॉटेले उभी राहिली आणि कूपनलिकांची संख्या वाढली. महाराष्ट्रातून लडाखच्या सहलीला जाणाऱ्या कुटुंबांनी तेथील नळ उघडताना हे आठवले, तर बरे.

वितळणाऱ्या बर्फाचे दुसरे रूप प्रलयाचे. हिमनदी मागे हटली की तिने आणून टाकलेल्या दगडमातीच्या कच्च्या बांधामागे सरोवर साचते. जून २०१३ मध्ये अतिवृष्टीने केदारनाथच्या वरचे चोराबारी सरोवर फुटले. त्या आपत्तीत महाराष्ट्रातील यात्रेकरूही सापडले. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोलीत खडक आणि बर्फाचा कडा ऋषिगंगेच्या खोऱ्यात कोसळला. दोनशेहून अधिक माणसे दगावली वा बेपत्ता झाली, त्यांतील बहुसंख्य जलविद्युत प्रकल्पांवरील कामगार होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमचे दक्षिण ल्होनक सरोवर फुटले आणि चुंगथांगचे धरण वाहून गेले. प्रत्येक घटनेचे तात्कालिक कारण वेगळे, हे ध्यानात ठेवावे. परंतु अशा ठिकाणी बांधकाम करताना कोणी हिशेब मांडला होता का, हा प्रश्न तिन्ही ठिकाणी उरतोच.

बर्फ झिजण्याचे मुख्य कारण पृथ्वीचे वाढते तापमान. त्याला भर पडते काजळीची. चुली, वीटभट्ट्या, डिझेल, जाळलेला पाचोळा यांची काजळी गंगेच्या मैदानातून वर उडून बर्फावर बसते. मळलेला बर्फ ऊन परतवीत नाही, शोषून घेतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांनीही टिपला होता. तो धूर हिमालयात पोहोचला, असे म्हणणे धाडसाचे होईल. पण कचरा जाळल्याने काय होते, हे गोवंडीकरांच्या फुप्फुसांना वेगळे सांगावयास नको.

आता मुंबईकडे वळू. हिमालयातील हिम आणि मुंबईचा पाऊस यांचाही एक जुना धागा आहे. भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी १८८४ मध्ये मांडले, की हिवाळ्यात हिमालयावर बर्फ अधिक पडला की पुढचा मान्सून दुबळा असतो. त्या आधारे १८८६ पासून देशात मान्सूनचे अंदाज देण्यास प्रारंभ झाला. पुढील संशोधनात हा संबंध एवढा सरळ नसल्याचे दिसले. मात्र पाऊस बदलला आहे, यात शंका नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखविले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. लडाखच्या शेतकऱ्याला भेडसावणारी गोष्ट येथेही तीच, पाण्याची वेळ चुकणे.

१८६० मध्ये विहार, १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये मोडक सागर; पुढे अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. ही सात जलाशये म्हणजे मुंबईची हिमनदी. सातही काठोकाठ भरली तर साठा सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर, आणि शहराला रोज लागतात ३,९०० दशलक्ष लिटरच्या आसपास. म्हणजे ठेव एक वर्षाची, आणि त्यातून बाष्पीभवन व गळती वजा. हिमालयाच्या हाताशी शतकांची शिल्लक आहे. मुंबईची एका पावसाळ्याची. मान्सून तीन आठवडे लांबला की पाणीकपात येते. २०२४ मध्ये ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात झाली. कागदावर ती सर्वांना सारखी असते. प्रत्यक्षात दाब कमी झाला की जलवाहिनीच्या टोकाला असलेल्या नळाचे पाणी आधी जाते. एम पूर्व विभागातील शिवाजीनगर, बैंगनवाडी अशाच टोकाला आहेत. २००९ च्या मुंबई मानवविकास अहवालात २४ विभागांत हा विभाग तळाशी होता. येथील गृहिणी हंडे आणि कॅन विकत घेते, तेव्हा पेडर रोडवरील माणसापेक्षा अधिक दराने पाणी घेते. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अनधिकृत झोपड्यांतील लोकांनाही पाणी नाकारता येणार नाही असे सांगितले. महापालिकेचे ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण यावयास मे २०२२ उजाडले.

आणि जलवाहिनीच्या दुसऱ्या टोकाचे काय? तानसा, भातसा, मोडक सागर शहापूर तालुक्यात. धरणांच्या काठच्या ठाकूर, कातकरी पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर जातो. तेथील कुटुंबे पाऊस सरला की वीटभट्ट्यांवर निघून जातात. बेसाल्टचा खडक पाणी फारसे धरून ठेवीत नाही. धरते ती डोंगरावरील माती आणि जंगल. आता गारगाई धरणासाठी तानसा अभयारण्यातील लाखो वृक्ष जाणार असा प्रस्ताव आहे, आणि मनोरी येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्पही आखला आहे. त्याच वेळी शहराच्या पाण्यापैकी पाव ते एक तृतीयांश पाणी गळतीत आणि चोरीत जाते, असे सांगितले जाते. तेवढे पाणी वाचविणे हे कोणत्याही नव्या धरणापेक्षा स्वस्त पडेल.

अमर महाल येथील हेडगेवार उद्यानापासून ट्रॉम्बेच्या जलाशयापर्यंत सुमारे साडेपाच किलोमीटरचा जलबोगदा महापालिकेने हाती घेतला आहे. त्याचा लाभ टोकाच्या गल्लीपर्यंत पोहोचतो की नाही, हे कोणीतरी पाहावयास हवे. यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. वस्तीतील प्रत्येक गल्लीत पाणी किती वाजता येते, किती वेळ टिकते, कोणत्या महिन्यात किती हंडे विकत घ्यावे लागतात, कोठे वाहिनी फुटली आहे, याची वही दोन-तीन तरुणांनी जानेवारीपासून ठेवावी. अशी नोंद एप्रिलपूर्वी हाती आली, तर कपात जाहीर होण्याच्या आधी ती विभाग कार्यालयातील जल अभियंत्यापुढे ठेवता येईल. शहापूरच्या एखाद्या पाड्यावर अशीच दुसरी वही ठेवली, तर वाहिनीच्या दोन्ही टोकांचा हिशेब प्रथमच शेजारी शेजारी मांडलेला दिसेल.