नकाशांतील सायकलवाटा

सायकलवाट म्हटली म्हणजे ती एकाच जातीची असें वाटतें. नकाशाकाराचें तेवढ्यानें भागत नाहीं. २००४ सालीं सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या सार्वजनिक संगणकीय नकाशांत रस्त्यापासून सर्वस्वी अलग वाट निराळी, रस्त्यालगत उंचवट्यानें तोडलेला मार्ग निराळा आणि डांबरावर नुसत्या रेघेनें आंखलेला पट्टा निराळा नोंदतात. रेघ म्हणजे कांहीं भिंत नव्हे! बुलढाणा जिल्ह्यांत मेहकरजवळून जाणाऱ्या समृद्धि महामार्गावर सायकलीस मज्जाव आहे. त्याची रुंद कड सायकलीस खुली अशी कोणीं नोंदली, तर मार्ग सुचविणारें यंत्र एखाद्या शाळकरी मुलास भरधाव मोटारींत नेऊन सोडील. मलकापूर-खामगांव रस्त्याच्या कडेची रेघहि अशीच फसवी. ती वाहनमार्गाची कड दाखविते. तिला सायकलपट्टा म्हणून नोंदूं नये.