मावशीचे दोन कोंबडे अंडी देतात

आज कोड नाही, कोंबड्या. माझ्या शहाणपणामुळे आईचं नुकसान झालं, त्याची ही गोष्ट. पण त्यात जेनेटिक्स जबरी आहे, म्हणून एपिसोड करतोय.

गावी आमच्या परसात अंड्यावर असलेली एकच कोंबडी. कबरी, म्हणजे काळ्यावर पांढरे आडवे पट्टे. सोबत एक तांबडा कोंबडा. एप्रिलमध्ये कबरी खुडूक झाली, आईने तिचीच अंडी तिच्याखाली ठेवली आणि एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली. सगळी काळी. सहांच्या डोक्यावर मात्र पांढरट ठिपका. मी तेव्हा वर्क फ्रॉम होमला गावी होतो. ठिपका बघितला आणि माझ्यातला इंजिनिअर जागा झाला.

लॉजिक ऐका. माणसात मुलगा की मुलगी हे बापाच्या क्रोमोसोमवर ठरतं. पक्ष्यांत उलट. कोंबड्याकडे दोन झेड, कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. म्हणजे कोंबडीचा झेड फक्त मुलाकडे जातो, मुलीला तिच्याकडून मिळतो डब्ल्यू. आता, पट्ट्यांचा जीन बसलाय झेडवर, आणि त्याची एक कॉपी असली तरी पट्टे दिसतात. मग आई कबरी आणि बाप बिनपट्ट्याचा असेल, तर सगळे मुलगे कबरे, सगळ्या मुली साध्या! काळ्या पिल्लांत हे पहिल्याच दिवशी कळतं, कारण ज्याला पट्टे येणार त्याच्या डोक्यावर ठिपका असतो. ही युक्ती शंभर वर्षं जुनी आहे. बारावीचा पनेट स्क्वेअर आठवतो? त्याच पनेट साहेबांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात सुचवलं होतं, की रंगावरून नर पिल्लं लवकर वेगळी करा, खाद्य वाचेल.

तर मी जाहीर केलं: ठिपकेवाले सहा कोंबडे, उरलेल्या तीन तलंगा.

जूनमध्ये मावशी कोंबडे न्यायला आली. आई दोन पिल्लांकडे बोट दाखवून म्हणाली, "अरे, या दोघींचा तुरा बघ, फिकाच आहे अजून." मी म्हटलं, "आई, हे सायन्स आहे. तुरा येईल नंतर." सहाही गेले, तेही बहिणीच्या भावात.

दिवाळीनंतर मावशीचा फोन. "तुझे चार कोंबडे आरवतात रे. दोन अंडी देतात."

आईच्या भिशीचा हप्ता अंड्यांच्या पैशातून जातो. त्या दिवशी ती मला काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

रात्री डीबग करायला बसलो. कबऱ्या मुली आल्या कुठून? आईचा झेड मुलीला मिळतच नाही. म्हणजे त्यांचे पट्टे बापाकडूनच आले. आमच्या तांबड्याला पट्टेच नाहीत, मग तो त्यांचा बाप कसा? फोनमधले जुने व्हिडिओ काढले. मार्चच्या एका व्हिडिओत मागे, आमच्याच खुराड्यावर, शेजारच्या काकांचा कबरा कोंबडा ऐटीत बसलाय! आणि कोंबडीच्या पोटात नराचं बीज दोन आठवडे, कधी जास्तही टिकतं. त्यामुळे एकाच घाण्यातल्या पिल्लांचे दोन बाप असू शकतात. त्या तीन साध्या तलंगांचा बाप कोण, हे मला आजही सांगता येणार नाही.

गंमत म्हणजे माझं अर्धं उत्तर बरोबर होतं. आई कबरी असेल तर बाप कुणीही असो, तिच्या प्रत्येक मुलाला पट्टे येणारच. म्हणून काळ्या पिल्लाला ठिपका नसेल तर ती तलंगच. पण ठिपका आहे म्हणून कोंबडा, हे फक्त बाप बिनपट्ट्याचा असेल तेव्हाच. मी बाप गृहीत धरला होता. आई तुरा बघत होती.

मावशीने एक कबरी परत पाठवलीय. आता ठरलंय असं: जुन्या कबरीला तांबड्यासोबत तीन आठवडे जाळीत बंद ठेवायचं, त्यानंतरची अंडीच उबवायला ठेवायची. आई म्हणाली, "चालेल. जाळीचे पैसे तू दे."

दिलेत. पिल्लं निघाली की ठिपके मोजून सांगतो. चला, भेटू!