वाडी आणि वार्धक्य
(ज्ञातिसंघाच्या नागाव येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



वृद्धाश्रम हा शब्द आपल्या घरांतून अद्याप दबक्या आवाजात उच्चारला जातो. परंतु अष्टागरातील कोणत्याही आळीतून एक फेरी मारावी, म्हणजे वस्तुस्थिती ध्यानात येते. मुले मुंबई-ठाण्यास, कोणी परदेशी. आणि माडापोफळींच्या वाडीत सत्तरी ओलांडलेली एकटी आई, किंवा एकटे वडील. अशा घराने वृद्धांसाठी चांगल्या निवासाची सोय पाहिली, तर आम्ही तीस दोष देणार नाही. मात्र ती सोय कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या संमतीने व्हावी, याविषयी चार शब्द बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम पैशाचा प्रश्न. भावाभावांत बोलणी अडतात ती येथेच. आमचे मत असे की, हा खर्च सर्वांत आधी आईवडिलांच्या स्वतःच्या मिळकतीतून निघावा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील वाड्या आडव्या केल्या. नवी पोफळ फळास येण्यास कित्येक वर्षे लागतात. तेव्हापासून पुष्कळ घरांची भिस्त पर्यटकांच्या खोल्यांवर अधिकच वाढली आहे. कोठे कोठे तर पाहुण्यांसाठी माजघर रिकामे होते आणि आईची खाट मागल्या पडवीत जाते! हे भाडे वाटून घेण्यापूर्वी आपण विचारावे, की रहाटाचे पाणी पाजून ही वाडी वाढविली कोणी? ज्यांनी वाढविली, त्यांच्या औषधपाण्याचा व निवासाचा खर्च या उत्पन्नातून आधी बाजूस काढावा. उरेल त्याची मग वाटणी.

घर गहाण ठेवून ज्येष्ठांना दरमहा रक्कम देणारी बँकांची योजना आहे, तिचे नाव कोणी सुचवितात. परंतु ती स्वकष्टार्जित व निर्वेध मालकीच्या घरासाठी आहे. ज्या सात-बारावर चुलत्यापुतण्यांची दहा नावे आहेत, त्या वाडीस तिचा उपयोग होणे कठीण. तसेच ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या सर्वांना आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबामागे वर्षास ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांची सोय झाली आहे. पण ती रुग्णालयातील उपचारांपुरती. निवासाचे मासिक शुल्क तीतून भागत नाही.

आता कायद्याचे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ सालचा. त्याखाली मुलगा व मुलगी दोघांवरही जबाबदारी आहे. म्हणून लेकींनाही या बैठकीस बसवावे. निपुत्रिक काका-काकूंची मिळकत ज्यास मिळणार, त्यासही त्यांचा सांभाळ करणे प्राप्त आहे. दाद प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे मागता येते. पण निर्वाहाच्या रकमेस दरमहा १०,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे आणि खाजगी निवासांचे शुल्क पुष्कळदा त्याहून अधिक असते. तेव्हा कज्ज्यापेक्षा भावंडांनी आपापला वाटा आधीच कागदावर लिहून ठेवणे श्रेयस्कर.

वडीलधाऱ्यांना आमची एक कळकळीची विनंती आहे. मायेपोटी वाडीचे बक्षीसपत्र घाईने करून देऊ नका. द्यावयाचेच असेल, तर सांभाळाची अट दस्तातच स्पष्ट लिहा; ती अट मोडल्यास कायद्याच्या २३ व्या कलमान्वये ते हस्तांतरण रद्द ठरविता येते.

निवास निवडताना इमारतीच्या देखणेपणावर जाऊ नये. आगाऊ सूचना न देता जेवणाच्या वेळी जावे. रात्री जागे कोण असते, ते विचारावे. हिंडतेफिरते असेतोच ठेवून घेणारी स्थळे बरीच आहेत. अंथरुणास खिळल्यावर काय, हे आधी ठरवावे. अनामत रक्कम परत केव्हा व किती मिळेल, शुल्क दरवर्षी किती वाढेल, औषधे आणि सेवेकरी यांचे पैसे वेगळे का, हे सारे लेखी घ्यावे. जन्मभर ताज्या मासळीवर वाढलेल्या माणसास केवळ शाकाहारी आश्रमात ठेवावयाचे, तर त्यास आधी विचारावे. शिवाय भेटीस जाणे सोपे असावे. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँची बंद असतात. तेव्हा श्रावणातही मुलांना गाठता येईल असेच ठिकाण पाहावे. शक्य तेथे महिनाभर राहून पाहण्याची मुभा मागावी.

खर्च झेपत नसेल त्यांनीही निराश होऊ नये. शासनाने १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रम योजना आखली, तीत निराधारांसाठी विनामूल्य व इतरांसाठी सशुल्क अशी सोय ठेवली. पुण्यास डेव्हिड ससून यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात उभा राहिलेला ‘निवारा’ आजही वृद्धांना आश्रय देत आहे. ज्यांनी तो उभारला, त्यांनी वृद्धांची जात पाहिली नाही, हेही आपण ध्यानात ठेवावे.

आपल्या संघाने एवढे तरी करावे: गाव सोडून निवासात गेलेल्या प्रत्येक वृद्धाकडे दर महिन्यास कोणीतरी जावे, आणि या स्मरणिकेची एक प्रत त्यांच्या हाती पडावी. माणूस वाडीबाहेर गेले म्हणून ज्ञातीबाहेर गेले, असे होता कामा नये.

शेवटी एकच सांगणे. मुलांनी आपसांत सर्व ठरवून मग आईला सांगावयाचे, हा क्रम उलटा आहे. आधी तिला विचारा. ती “नको” म्हणाली, तर घरीच माणूस ठेवण्याचा खर्चही याच हिशेबात मांडून पाहा. ज्या वाडीने आपणांस शिकविले, वाढविले, तिच्या सावलीवर पहिला हक्क तिचा आहे.