इस्पितळाच्या दारात हत्यार

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही जो विषय घेतला आहे तो ऐकून काही जणांच्या भुवया उंचावतील. वर्धापनदिनाला घोड्याची नि पिस्तुलाची भाषा कशाला? पण वस्तीतली पोरं हा प्रश्न विचारतात, आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचे हीच आपली धम्माची रीत आहे. प्रश्न असा : मारामारीत घरचा माणूस जखमी झाला, त्याला इस्पितळात ठेवले, आणि मारणारे तिथेही येतील अशी धास्ती असली, तर नातेवाइकांनी रक्षणासाठी सोबत हत्यार ठेवावे की नाही?

ही धास्ती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. १२ सप्टेंबर १९९२ रोजी जे. जे. इस्पितळात टोळीवाले शिरले आणि खाटेवर पडलेल्या शैलेश हळदणकरला गोळ्या घातल्या. बंदोबस्तावरचे दोन पोलीसही त्यात मेले. आपल्या समाजाचे म्हणाल तर ११ जुलै १९९७ कोण विसरेल? घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राखीव पोलिसांनी गोळीबार करून दहा माणसे मारली. ज्यांनी राखायचे त्यांनीच मारले. तेव्हा ‘पोलिसांवर भरवसा ठेवा’ एवढे सांगून आमची सुटका होणार नाही, हे आम्हांला ठाऊक आहे.

कायदाही आपल्याला हत्यार धरूच नका असे सांगत नाही. अॅट्रॉसिटी कायद्याखालच्या १९९५ च्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे की, अत्याचाराची भीती असलेल्या भागात गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शस्त्रपरवाने द्यावेत. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत, म्हणजे हा नियम आपल्यालाही लागू. बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. बुद्धाची अहिंसा म्हणजे मुकाट मार खाणे नव्हे. म्हणून हत्यार या शब्दालाच कानांवर हात ठेवणाऱ्यांतले आम्ही नाही.

पण आमचा सवाल जागेचा आहे. इस्पितळ म्हणजे काय जागा आहे?

राजावाडी घ्या, कूपर घ्या, बोरिवलीचे भगवती घ्या. एका वॉर्डात खाटा भरलेल्या, काही पेशंट खाली गादीवर, मधल्या वाटेने ट्रॉल्या, भिंतीतून ऑक्सिजनची नळी, आणि भेटीच्या वेळेला बायका-पोरांची ही गर्दी. अशा ठिकाणी एक गोळी सुटली तर ती कुणाला लागेल? मारेकऱ्यालाच लागेल अशी हमी कोण देणार? शेजारच्या खाटेवर दुसऱ्याची आई आहे. गिरणीच्या दारात झडती घेऊन काड्यापेटी काढून ठेवायला लावत, तेव्हा तो कामगाराचा अपमान नव्हता. आत कापूस होता म्हणून ते होते. इस्पितळाच्या आत तर माणसे आहेत.

दुसरे असे की हत्यार मालकाचे ऐकतेच असे नाही. १ ऑक्टोबर २०२४ रोजी जुहूला अभिनेता गोविंदा यांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली ती त्यांच्याच पायात घुसली. फेब्रुवारी २०२४ मध्ये बोरिवलीत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा खून झाला. त्यात वापरलेले पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचे, परवान्याचे होते, असे पोलिसांच्या तपासात पुढे आले. रक्षणासाठी घेतलेले हत्यार कुणाच्या हाती जाईल ते सांगता येत नाही.

आणि इस्पितळात तर यंत्रेही आहेत. एम.आर.आय.चे यंत्र म्हणजे प्रचंड ताकदीचे लोहचुंबक. जानेवारी २०१८ मध्ये आपल्या मुंबईच्या नायर इस्पितळात नातेवाइकासोबत आलेला एक तरुण ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला, यंत्राने सिलिंडरसकट त्याला ओढले आणि तो प्राणास मुकला. २०२३ साली ब्राझीलमध्ये एक वकील आईला तपासणीला घेऊन आला होता. कमरेला पिस्तूल लपवलेले होते. चुंबकाने ते खेचले, गोळी सुटली, पोटात लागली आणि काही दिवसांनी तो मेला. आईच्या सोबतीला आलेला मुलगा गेला. घराच्या रक्षणाचे हे फळ!

मग कुणी विचारील, हल्लेखोर आलाच तर हात जोडून बसायचे काय? बसायचे नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा इस्पितळात कसाब आणि त्याचा साथीदार शिरले, दोन रखवालदारांना त्यांनी ठार केले. त्या रात्री अंजली कुलथे नावाची परिचारिका ड्यूटीवर होती. तिच्या वॉर्डात वीस गरोदर बायका होत्या. तिने दरवाजे बंद केले, सगळ्यांना आतल्या छोट्या खोलीत नेले, आणि एकीला कळा सुरू झाल्या तेव्हा भिंतीच्या कडेकडेने तिला प्रसूतिगृहात पोहोचवले. सगळ्या वाचल्या. तिच्या हातात काय होते? आपली माणसे कुठे आहेत, दार कुठले, कडी कुठली, याची माहिती आणि शाबूत डोके. पुढे कोर्टात उभी राहून तिने कसाबला ओळखलेसुद्धा.

आता आपण काय करायचे ते सांगतो. भीती असेल तर इस्पितळातल्या ड्यूटीवरच्या पोलिसाला आणि आपल्या पोलीस ठाण्याला लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या. अत्याचाराचे प्रकरण असेल तर २०१६ पासून कायद्यात कलम १५-अ आहे. पीडित, त्याचे अवलंबून असलेले लोक आणि साक्षीदार यांना संरक्षण देणे हे सरकारवर बंधनकारक आहे. ते मागा, भीक म्हणून नको, हक्क म्हणून मागा. पेशंटजवळ दोघे, बाकीचे बाहेर, आणि पाळ्या लावून बसा. विहारातल्या तरुणांनी अशा पाळ्या वाटून घेतल्या तर एकटी पडलेली बाई रात्रभर घाबरून जागणार नाही. आणि डॉक्टर, सिस्टर यांच्यावर हात उगारू नका. २०१० च्या महाराष्ट्राच्या कायद्याने त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पोरगा आत गेला तर आईच्या उशाशी कोण बसणार?

शेवटचे एकच सांगतो. अतिसाराने लोळत पडलेल्या भिक्खूला कुणी विचारीत नव्हते, तेव्हा तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले, आणि ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी असे संघाला सांगितले. आपल्यासाठी आजाऱ्याची खाट ही विहाराइतकीच जागा आहे. विहारात आपण पादत्राणे बाहेर काढतो. इस्पितळाच्या दारात हत्यार, राग आणि दारू या तिन्ही गोष्टी बाहेर ठेवू या, आणि आत जाताना पाण्याची बाटली, औषधाची चिठ्ठी आणि रक्त द्यायची तयारी घेऊन जाऊ या.



नमो बुद्धाय! जयभीम!