आपल्या वर्गातला गटणे

(१९८३ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू पुलंवर काहीतरी हलकंफुलकं बोल. दहा-बारा मिनिटं. जेवणाआधी लोक कंटाळायला नकोत." मी हो म्हटलं. वेळेची खात्री देते, हलक्याफुलक्याची देत नाही. मसालेभात झाकून ठेवलाय म्हणे, त्यामुळे काळजी नको.

माझा विषय आहे सखाराम गटणे. 'व्यक्ती आणि वल्ली' १९६२ साली आलं, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या जन्माआधी. तरी आपल्या वर्गात गटणे माहीत नसलेलं कोणी नव्हतं. अर्ध्यांनी पुस्तक वाचलं होतं, उरलेल्यांनी पुलंच्या आवाजातल्या कॅसेट ऐकल्या होत्या. नारायण, हरितात्या, अंतू बर्वा, चितळे मास्तर ही सगळी मंडळी आपल्याला आपल्याच गल्लीतली वाटायची. पण गटणे हे नाव आपण नुसतं वाचलं नाही, ते वापरलं. ज्याच्या हातात सदा पुस्तक आणि तोंडात छापील भाषा, तो गटणे. आजही लोक तसंच म्हणतात.

आठवण ताजी करायची तर, लेखकाची स्वाक्षरी घ्यायला येणारा हा कोवळा मुलगा. साध्या प्रश्नाला प्रस्तावनेतल्या भाषेत उत्तर देतो. वाचलेलं सगळं त्याला पाठ. आयुष्य कसं जगायचं याची तत्त्वं त्याने पुस्तकांतून उचलून पक्की केलेली. वडील त्याच्या लग्नाच्या मागे लागतात तेव्हा त्या तत्त्वांची आणि संसाराची गाठ पडते आणि लेखकावर त्याची समजूत घालायची वेळ येते. आपण हसून हसून लोळायचो.

आता माझ्या मुलाबद्दल थोडं सांगते. त्याची परवानगी घेतली आहे.

त्याचा जन्म १९९९ चा. बोलायला लागला तो पूर्ण वाक्यांतच. पाच वर्षांचा असताना मी "जेवतोस का?" विचारलं, तर म्हणाला, "मला सध्या भूक लागलेली नाही, परंतु अर्ध्या तासानंतर लागण्याची शक्यता आहे." शेजारपाजारच्या बायका कौतुकाने येऊन त्याला बोलतं करायच्या. "काय गं शुद्ध बोलतो!" मलाही अभिमान होता, खोटं कशाला बोलू? नाशिकरोड स्टेशनवरून जाणाऱ्या झाडून सगळ्या गाड्यांच्या वेळा त्याला पाठ. पंचवटी एक्स्प्रेस दहा मिनिटं उशिरा आली तरी घरी येऊन रडायचा. पाहुण्यांना पाणी द्यायच्या आधी तो गोदावरी एक्स्प्रेसचे सगळे थांबे सांगायचा. समोरचा माणूस चुळबुळ करतोय, घड्याळाकडे बघतोय, हे त्याच्या गावीही नसायचं.

तिसरीत असताना एका बाईंनी वैतागून त्याला म्हटलं, "उद्यापासून मला तोंड दाखवू नकोस." दुसऱ्या दिवशी हा गणवेश घालून, दप्तर पाठीला लावून कॉटवर बसून राहिला. शाळेत का जात नाहीस विचारलं, तर म्हणाला, "बाईंनी तोंड दाखवू नकोस असं सांगितलं आहे. बाकीच्या शरीराबाबत त्या काही बोलल्या नाहीत, पण ते वेगळं पाठवता येत नाही."

हसलात ना? मीही हसले होते. मग तीन आठवडे तो शाळेत गेलाच नाही आणि माझं हसू संपलं.

२००८ मध्ये आम्ही त्याला मुलांच्या विकासाच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी दोन तास प्रश्न विचारले. चालायला कधी लागला, बोट दाखवून वस्तू मागायचा का, मिक्सरच्या आवाजाला कान झाकतो का, शर्टाचं लेबल टोचतं म्हणून कापायला लावतो का. मी होकार देत गेले. मग त्यांनी विचारलं, "बोलणं वयाच्या मानाने फार औपचारिक, पुस्तकी वाटतं का?" मी हसत म्हटलं, "डॉक्टर, आमच्याकडे सखाराम गटणे आहे." डॉक्टर मराठीच होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

त्या रात्री मी कपाटातून 'व्यक्ती आणि वल्ली' काढलं आणि गटणे पुन्हा वाचला. पहिल्यांदाच न हसता वाचला.

आपल्याकडे ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. हा शब्द मला फारसा आवडत नाही. तो ऐकला की कोपऱ्यात बसून एकटंच डोलणारं, न बोलणारं मूल डोळ्यांसमोर येतं. तशी मुलं असतात, त्यांचे प्रश्न फार कठीण असतात. पण गटणे स्वतःत मग्न कुठे आहे? तो तर माणसं शोधत त्यांच्या घरी जातो. बोलण्याची त्याला आसच आहे. फक्त बोलायचं कसं, कुठे थांबायचं, समोरच्याला काय वाटतंय हे जे आपल्याला न शिकवता येतं, ते त्याला येत नाही. म्हणून जी भाषा ठरलेली आहे, जिच्यात फसगत होत नाही, ती त्याने पुस्तकांतून घेतली. माझ्या मुलाने रेल्वेच्या वेळापत्रकातून घेतली. असं मूल बडबडं असतं, हुशार असतं, पहिल्या पाचात येतं, म्हणून कोणाला शंकाच येत नाही.

डॉक्टर दोन गोष्टी एकत्र पाहतात. एक, माणसांशी देवाणघेवाण करण्यातली अडचण. दुसरी, ठरावीक आवडी, ठरावीक क्रम, त्याच त्या गोष्टींचा आग्रह. आवाज, स्पर्श, उजेड यांचा त्रास या दुसऱ्या भागातच येतो. आणि हे सगळं लहानपणापासून असावं लागतं. रक्त तपासून यातलं काही कळत नाही.

याचा इतिहास वाचताना मी सालं एका कागदावर मांडली होती. १९४३ मध्ये बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांबद्दल लिहिलं. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स ॲस्परगर यांनी मोठ्यांसारखं बोलणाऱ्या, एकाच विषयात बुडालेल्या मुलांबद्दल लिहिलं. त्यांना ते 'छोटे प्राध्यापक' म्हणत. (या गृहस्थांचे नाझी राजवटीशी असलेले संबंध नंतर उजेडात आले, पण तो विषय वेगळा.) त्यांचं लेखन जर्मनमध्ये, त्यामुळे बाहेर फारसं कोणी वाचलं नाही. १९८१ मध्ये लंडनच्या लॉर्ना विंग यांनी ते इंग्रजी वाचकांसमोर आणलं. म्हणजे पुलंनी गटणे लिहिला तेव्हा आपल्याकडे अशा मुलाला नाव नव्हतं. त्यांनी फक्त नीट पाहिलं होतं.

आपल्या नाशकात रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं, त्यामुळे तेव्हाच्या भाषेत 'मतिमंद' म्हणत त्या मुलांबद्दल आपल्याला थोडंफार माहीत होतं. पण शुद्धलेखनात पैकीच्या पैकी मार्क घेणाऱ्या मुलाला डबा खाताना शेजारी कोणी बसू देत नाही, याला काय म्हणायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. कायद्यालाही नव्हतं. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली आणि २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत तिला स्वतंत्र जागा मिळाली. २००८ साली माझ्या मुलाच्या कागदावर ॲस्परगरचं नाव होतं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी ते नाव काढून सगळं एकाच छत्राखाली घेतलं.

आता समोर बसलेल्या आपल्या मराठीच्या बाई कपाळाला आठ्या घालतायत. बाई, तुमचा आक्षेप मला कळतो. गटणे ही कागदावरची व्यक्ती. त्याचं बालपण आपल्याला माहीत नाही, त्याला मिक्सरचा आवाज सहन होतो की नाही ते माहीत नाही. शिवाय खांडेकर-फडके वाचून वाढलेली त्या काळातली बरीच पोरं तशीच बोलत असणार. पुलं त्या पुस्तकी भाषेची गंमत करत होते, कोणाची तपासणी करत नव्हते. हे सगळं खरं आहे. गटणेला ऑटिझम होता असं मी म्हणत नाही. कथेतल्या माणसाला सर्टिफिकेट देणारी मी कोण? माझं म्हणणं एवढंच की माझ्या मुलाची आई म्हणून मी त्याला ओळखलं. जसं गर्दीत आपल्या माणसाची चाल ओळखू येते, तसं.

आणि दुसऱ्यांदा वाचताना आणखी एक गोष्ट दिसली. त्या लेखातला लेखक गटणेला वैतागतो, त्याच्या भाषेने गोंधळतो, पण त्याला हाकलत नाही. बसवून घेतो. ऐकतो. आपण कॅसेटमधला विनोद उचलला आणि हे नेमकं सोडून दिलं. माझा मुलगा ज्यांच्याकडे टिकला ती माणसं फार शिकलेली नव्हती, फक्त त्याला पूर्ण बोलू देणारी होती. आमच्या कॉलनीतला एक रिक्षावाला रोज संध्याकाळी त्याच्याकडून भुसावळपर्यंतची स्टेशनं ऐकून घ्यायचा.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज उभी राहिले ती. १९८१ चं डिसेंबरचं गॅदरिंग. तिकडे लंडनमध्ये लॉर्ना विंग लिहीत होत्या त्याच वर्षी इकडे आपण नववीत होतो आणि मी गटणेवर पंधरा मिनिटांची नाटिका बसवली होती. परवानगी वगैरे तेव्हा कोण विचारायचं! गटणेच्या भूमिकेसाठी मी आपल्याच वर्गातल्या एकाला घेतलं. नाव घेत नाही, तुम्ही ओळखलंच आहे. तो सार्वजनिक वाचनालयात रोज जायचा आणि १८४० साली स्थापन झालेल्या त्या वाचनालयाचा इतिहास कोणालाही, कधीही ऐकवायचा. मी त्याला का घेतलं, तर त्याला अभिनय करावा लागणार नव्हता. मी मैत्रिणींना हे सांगितलंही होतं, अगदी याच शब्दांत.

तो उभा राहिला, नेहमीसारखा बोलला आणि सभागृह कोसळलं. आपल्याला पहिलं बक्षीस मिळालं. पडदा पडल्यावर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "लोक का हसले? माझं पाठांतर चुकलं का?"

मी म्हटलं, "नाही रे, छान झालं." आणि बक्षीस घ्यायला पळाले.

त्यानंतर दहावीपर्यंत आपण सगळ्यांनी त्याला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. सरांपैकीही काहींनी नाही.

गेल्या महिन्यात नंबर मिळवून त्याला फोन केला. चाळीस वर्षांनी. त्याने पहिल्या वाक्यात मला तारीख सांगितली, गॅदरिंगची. मी माफी मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "माफी कशाची ते नेमकं सांगशील का? नाटिकेत घेतल्याची की का घेतलं ते न सांगितल्याची? पहिल्याची गरज नाही. मला काम आवडलं होतं." मी म्हटलं, दुसऱ्याची. तो म्हणाला, "ठीक आहे. ती स्वीकारली."

माझ्या मुलाबद्दल मी त्याला सांगितलं. स्वतःबद्दल त्याने काही विचारलं नाही आणि मी काही सुचवलं नाही. तो आज आलेला नाही. हॉलमध्ये माईकची शिट्टी वाजते आणि सगळे एकाच वेळी बोलतात, ते त्याला सोसत नाही असं त्याने सांगितलं. पण स्मरणिका वाचणार आहे. हे भाषण छापण्याआधी मला दाखव, त्यात चुका असतील, असंही म्हणाला.

मसालेभात निवला असेल. थांबते.

(छपाईला देताना: मजकूर त्याच्याकडे पाठवला होता. चौथ्या दिवशी परत आला. शुद्धलेखनाच्या सतरा दुरुस्त्या आहेत, सगळ्या केल्या आहेत. "सभागृह कोसळलं" या शब्दांखाली त्याने रेघ मारून समासात लिहिलंय, "सभागृह कोसळले नाही. प्रेक्षक दोनदा हसले. दुसऱ्या वेळी मी एक वाक्य विसरलो, ते तुझ्या लक्षात आले नसावे." खाली त्याने ते वाक्य लिहून दिलं आहे.)